निरोगी एकोणीस

४ फेब्रुवारी
लागली नोकरी! आणि तीही प्रयोगशाळेत. पदवी नाही माझ्याकडे, पण बावीस वर्षं यंत्रं उघडून-जोडून जे शिकलो ते कुठल्या कागदावर मिळतं? मुलाखतीच्या वेळी त्यांनी खडखडणारं सेंट्रिफ्यूज पुढे ठेवलं. मी झाकणाला कान लावला आणि स्क्रूला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं, खालचं बेअरिंग गेलंय. तिघे पदवीधर एकमेकांची तोंडं बघत बसले. उघडलं, तर खालचंच.

इथे क्षयाच्या जंतूंवर काम चालतं. लांब बोळाच्या टोकाला दोन दारांची खोली आहे. एक दार मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत दोन कॅबिनेट, समोर काच आणि तिच्याखाली हात घालायला उघडं तोंड. हवा पुढून आत ओढायची, फिल्टरमधून गाळून सोडायची, म्हणजे जंतू बसलेल्या माणसाकडे येत नाहीत. साधं, चोख यंत्र. मला आवडलं.

बायकोला आधी काळजीच. म्हणाली, तिथलं काही घरी घेऊन येऊ नका म्हणजे झालं, घरात महिन्याचं लेकरू आहे. मी म्हटलं, माझी गाठ यंत्रांशी, जंतूंशी नाही. जावई जहाजावर, म्हणून लेक बाळासह आमच्याकडेच आहे. नात रडायला लागली की तीन घरं पलीकडचे लोक खिडकी लावून घेतात. मी तिचं नाव ठेवलंय भोंगा. लेक चिडते, पण आता तीही तेच म्हणते.

११ फेब्रुवारी
इथल्या मुख्य बाई शास्त्रज्ञ असूनही बोलायला सरळ आहेत. त्यांना विचारलं, नक्की शोधताय काय? त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवून नीट समजावलं. आपल्या फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात. चोर दिसला की गिळायचा आणि ओरडून बाकीच्यांना बोलवायचं, हे त्यांचं काम. क्षयाचा जंतू गिळला तरी मरत नाही. आत बसून पहारेकऱ्याचं ओरडणंच बंद करतो. त्यात आरएनएचे अगदी छोटे तुकडे कामाला येतात. ते कशाची मोडतोड करत नाहीत, नुसता निरोप दाबतात. काही तर पेशीचे स्वतःचेच असतात, जंतू फक्त ते वाढवून घेतो. बाई म्हणाल्या, पहारेकऱ्याला वाटत राहतं की सगळं ठीक आहे.

हे तुकडे रक्तात सापडले तर खोकला सुरू व्हायच्या कितीतरी आधी रोग पकडता येईल, असा त्यांचा कयास. तुलनेला निरोगी माणसांचं रक्तही लागतं. दर सहा-सात आठवड्यांनी द्यायचं. मी लगेच बाही वर केली. माझा क्रमांक एकोणीस. कोणता क्रमांक कुणाचा हे कार्यालयातल्या कुलपात असतं, बाईंनाही ठाऊक नसतं. मला माझी नळी ओळखता येते, कारण लेबलं छापणारं यंत्र दुरुस्त केलं तेव्हा पहिली लेबलं माझ्याच क्रमांकाची निघाली आणि त्यांतल्या नवाचं शेपूट तुटकं आलं.

१९ फेब्रुवारी
दोन नंबरच्या कॅबिनेटचा बझर सारखा कोकलतो. हवेचा ओढा कमी झाला की वाजायचा, असा त्याचा धर्म. बाईंचा सहायक म्हणाला, साहेब, याचं काहीतरी करा, घरी सासूबाई आणि इथे हा.

मी माझी पद्धत वापरली. कॅबिनेटच्या तोंडाशी रेशमी दोरा धरला. दोरा सरळ आत झुकला, म्हणजे ओढा उत्तम. तासभर काचेशी वाकून मोटर ऐकली. मास्क खाली घेतला होता. नियम माहीत आहे, पण तारेचं आवरण करपतंय का हे नाकाला कळतं, मीटरला नाही. शेजारी सहायक आता खुर्चीत बसून, हात आत घालून जंतूंच्या नळ्या भरत होता. कुठेही वास नाही. निष्कर्ष: सेन्सर बिघडलेला. नवा येईपर्यंत बझरची तार कापली आणि बझर माझ्या पेटीत टाकला. हा आठवडाभर रोज थोडा वेळ बसून मोटर ऐकणार आहे.

खोलीत काय शांतता पसरली! सहायकाने हात जोडले.

२ एप्रिल
दुसऱ्यांदा रक्त दिलं. सेन्सर अजून आलेला नाही. म्हणजे मागवायचाच राहिला. माझ्याकडून काही राहत नसतं. उद्या मागवतो.

भोंगा आता माझ्या छातीवर पालथी पडल्याशिवाय झोपत नाही. बायको म्हणते, आजोबांच्या छातीत इंजिन आहे, त्याच्या आवाजावर झोपते.

२१ मे
तिसऱ्या रक्ताचे निकाल लागले. बाईंनी पडद्यावर आलेख दाखवला. एका कोपऱ्यात निरोगी माणसांचे हिरवे ठिपके, दुसऱ्यात रुग्णांचे लाल. मध्ये एक हिरवा ठिपका एकटाच. फेब्रुवारीत तो हिरव्यांत होता. एप्रिलमध्ये निघालेला. मेमध्ये लालांच्या दाराशी.

बाई म्हणाल्या, एक तर हा माणूस आतून आजारी आहे आणि त्याला पत्ता नाही, नाहीतर नळी खराब झालीय. नळ्यांचा फ्रीजर कधी तापला होता का? तुम्ही सांगाल तेच खरं मानते, तुमच्या नोंदी म्हणजे दगडावरची रेघ. मी म्हटलं, बघून सांगतो.

नळी बघितली. नवाचं शेपूट तुटकं.

सगळे जेवायला गेल्यावर दोऱ्याची परीक्षा पुन्हा केली. या वेळी स्वतः खुर्चीत बसलो आणि हात आत घातले, काम करताना घालतात तसे. दोरा थरथरला, वळला आणि माझ्या चेहऱ्याकडे आला.

फेब्रुवारीत मी रिकाम्या खुर्चीसमोर तपासलं होतं. फिल्टर चोंदलेला, ओढा अपुरा; हात आत गेले की हवा उलटी बाहेर येते. बझर खरं सांगत होता.

२२ मे
बाईंकडे गेलो. वाक्यं जुळवून गेलो होतो. एकोणीस मी आहे, तार मी कापली, सहायकाला तपासा, मला तपासा, माझ्या घरात बाळ आहे. तोंड उघडलं आणि म्हणालो, हो, फ्रीजर तापला होता, दोन तास.

माझ्याच कानांनी ऐकलं.

बाई हळहळल्या आणि एकोणीस क्रमांक त्यांनी खोडून टाकला. फ्रीजरच्या वहीत मी आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

फिल्टर गुपचूप बदलला. अब्रू गेली तर माझ्याकडे दुसरं आहे काय? उद्या बाहेरच्या एखाद्या डॉक्टरकडे जाऊन येतो.

२९ मे
गेलो नाही. रोज निघतो. दवाखान्याच्या पायरीपर्यंत जातो, आणि वाटतं, कशाला?

बझर वाजतोय. पेटीत. तार नाही, वीज नाही. बायकोला विचारलं, तिला ऐकू येत नाही. म्हणाली, कान साफ करून घ्या.

दोन नंबरच्या कॅबिनेटची वही चाळली. १९ फेब्रुवारीपासून रोज एक ओळ — बझर तपासला, सगळं ठीक. खाली माझी सही. बझर तर पेटीत होता. मी हे लिहिल्याचं आठवत नाही. एकही ओळ नाही.

४ जून
सहायक रजेवर. खोकला म्हणे. बाई म्हणाल्या, हवा बदलली की होतंच.

मला खोकला नाही. रात्री अंगाला घाम येतो, एवढंच. पट्टा एक भोक आत गेला.

बझर दिवसभर. भिंतीतून. पाण्याच्या पेल्यातून. आज घरी येताना ठरवलं होतं, बाळाला घ्यायचं नाही. लेकीने पुढे केली. घेतली.

७ जून
बाईंचे शब्द आठवतात. मोडतोड करत नाहीत. नुसता निरोप—

पहारेकरी मी आहे.

आज बायकोला म्हणणार होतो, बाळाला घेऊन डॉक्टरकडे जा. म्हणालो, आमटीत मीठ कमी आहे. ती हसली. मीही.

९ जून
बझर थांबला. सकाळपासून काही नाही. इतकं हलकं वाटतंय.

हलकं वाटतंय म्हणून भीती वाटायला हवी. वाटत नाही. हे लिहून ठेवतो, लिहिता येतंय तोवर— भीती वाटत नाही.

१० जून
घर फार शांत आहे. कसली शांतता, ते दुपारपर्यंत लक्षात आलं नाही.

भोंगा रडली नाही. काल नाही. परवाही नाही. लेक म्हणते, शहाणी झाली माझी बाय. शेजारीण दारात येऊन कौतुक करून गेली. मी अंगठ्याने बाळाचा तळपाय दाबला. जोरात. ती बघत राहिली. ओठ उघडले. आवाज नाही. कपाळ गरम.

तोंडाने सांगता येत नाही. हाताने येईल. ही वही बायकोच्या उशीवर ठेवणार. ऐक, मी आजारी आहे, फेब्रुवारीपासून. बाळाला आत्ता, या मिनिटाला, दवाखान्यात ने आणि सांग की क्षय— सांग की आजोबांच्या छातीत—

बझर तपासला, सगळं ठीक.

नाही. हे मी लिहिलं नाही. खोड ते. बाळाला ने. बाळाला—

सगळं ठी