एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश

दुर्गाघाट, काशी

तीर्थस्वरूप इंदूताईस,

धाकट्या नीलकंठाचा वाकून नमस्कार (हल्ली वाकता येतं, त्याचीच ही हकीकत). तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तू "बरी आहे" एवढं म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. ते निदान माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबतं.

तर झालं असं, की पौषात माझं रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सात पॉइंट आठ. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता? म्हटलं, पौरोहित्य. "म्हणजे बसूनच ना," असं ते म्हणाले. ताई, एका आसनावर चार चार तास बसतो, याचा मला चौतीस वर्षं अभिमान होता. त्या माणसाने तो एका वाक्यात आजारात जमा केला.

लेक सोबत होती. (ऋता फिजिओथेरपिस्ट झाल्यापासून घरात कुणाला सुखाने पाठ टेकता येत नाही.) तिने आधी हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, मग फर्मान काढलं: घाटाच्या पायऱ्या एक मिनिट जोरात चढायच्या, एक मिनिट सावकाश उतरायच्या, असं दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. बैठ्या माणसाच्या स्नायूंना त्याने साखर वापरायची सवय लागते म्हणे. रोज तासभर चालायला मला वेळ नव्हता; वीस मिनिटांना नाही म्हणायला कारण सापडेना.

आता, या घाटावर धोतर खोचून धावणारा पुरोहित कुणी पाहिलेला नाही. पहिल्याच दिवशी फुलवाल्या गीताबाई उठून उभ्या राहिल्या. "पंडितजी, घर में सब कुशल है ना?" बोलण्याइतका श्वास नव्हता, म्हणून मी नुसता हात हलवला. त्यांनी त्याचा आपल्या मनाने अर्थ लावला. माझी सहावी फेरी होईतो चार जण आमच्याकडे माझी बायको गेली म्हणून समाचाराला पोचले होते. दार खुद्द बकुळनेच उघडलं, तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली. (तिने चहा दिला. माझ्याशी मात्र दोन दिवस बोलली नाही.)

तिसऱ्या आठवड्यात चिपळूणचे रत्नाकरराव आले, पत्नीच्या अस्थी घेऊन, मुलगा-सुनेसह. अर्धा तास लवकर आले, आणि गुरुजी धावत वर जाताना दिसले. मुहूर्त टळतोय असं वाटून तिघंही मागोमाग धावले. वर पोचलो तेव्हा चौघंही धापा टाकत होतो. रत्नाकररावांनी विचारलं, "गाठला का?" मला खरं सांगवेना. म्हटलं, "गाठला." मग मी सावकाश उतरू लागलो, तर तेही सावकाश उतरले.

नावेतून मध्यधारेत जाऊन विधी झाला. नाव परतताना मी त्यांना सगळं कबूल केलं आणि बोलणी खायच्या तयारीत बसलो. ते म्हणाले, "गुरुजी, महिना झाला. आज पहिल्यांदा भूक लागली." त्यांना घरी आणलं. साधा वरण-भात होता. जेवता जेवता ते रडले. बकुळने फक्त आणखी भात वाढला.

असो. इथेच थांबतो, पाय दुखताहेत.

तुझा,
नीलू

ता. क. : चैत्रात पुन्हा तपासलं, साखर सात पॉइंट दोन. ऋता खूश आहे. रविवारच्या कचोरीबद्दल तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आणखी एक ता. क. : ताई, खरं तर हेच लिहायचं होतं. भावोजींना जाऊन वर्ष होत आलं आणि तू अजून जिना उतरलेली नाहीस, असं तुझी लेक मालविका सांगते. ऋता म्हणते, तुझ्या गुडघ्यांना पायऱ्या नकोत, डॉक्टरांना विचारून खुर्चीतून उठ-बस केलीस तरी पुष्कळ. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहाला मी फोन लावीन. तू तिथे उठ-बस कर, मी इथे चढतो. बोलायचं काही नाही, तेवढा दम दोघांनाही उरणार नाही. तुझा श्वास ऐकू आला की मला पुरे. पहिल्या दिवशी नुसता फोन उचललास तरी चालेल.