सात मिनिटांची मूक उजळणी

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७

डॉक्टरांनी सक्ती केली म्हणून लिहीत आहे. रोज दहा ओळी. मला स्वतःला याची गरज वाटत नाही.

शुक्रवारी माझा मुलगा कल्याण पुण्याहून आला आणि मला संभाजीनगरला घेऊन गेला. डॉक्टर चाळिशीचे. केस विंचरलेले नव्हते. घड्याळ काढा म्हणाले. काढले. काटे कुठे आहेत, म्हणाले. किती वाजले ते सांगितले नसताना काटे काढायचे कुठे? मग पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने तेच परत विचारले. मी म्हणाले, आत्ता तुम्हीच सांगितलेत, तुमच्या लक्षात नाहीत का. कल्याण हसला नाही. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, वाढत जाईल, असे डॉक्टर त्याला म्हणाले. मी समोरच बसले होते.

वय सदुसष्ट. बी.ए., पहिला वर्ग. चार वर्षे एअर होस्टेस. लग्नानंतर जालना. अकरा वर्षे जुन्या जालन्यात, बद्रीनारायण शेठच्या कापडदुकानाच्या माडीवर, मुलींना हेच काम शिकवते. चौदा मुली विमानात लागल्या. विसरणाऱ्या बाईच्या हातून हे होत नाही.

कल्याण म्हणाला, आई, क्लास बंद कर आणि पुण्याला चल. मी नाही म्हणाले. शेवटी ठरले ते असे. २२ तारखेला मुंबईच्या एका कंपनीची माणसे मुली निवडायला जालन्यात येणार आहेत. त्यांच्यासमोर माझ्या वर्गाचे प्रात्यक्षिक. कल्याणही येणार. मी ते नीट पार पाडले तर क्लास चालू. नाही तर पुणे.

विषय मी निवडला. विमान अडचणीत आहे, उतरायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात केबिन कशी तयार करायची. बाकीच्या क्लासच्या मुली हसून पट्टा बांधून दाखवतात. माझ्या मुली माणसे वाचवून दाखवतील.

निश्चय: रोज लिहिणे. वेळेवर जेवणे. पुण्याला न जाणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

धडा पहिला. कॅप्टनने बोलावले की विचारायचे चार प्रश्न. झाले काय? वेळ किती? वाकण्याचा शब्द कोण देणार? उतरल्यावर माणसे बाहेर काढायची का? उत्तरे मोठ्याने परत म्हणून दाखवायची. घड्याळे जुळवायची. रडायचे नाही.

प्रात्यक्षिकात कॅप्टन नाही. ‘ब्रेस’ हा वाकण्याचा शब्द मी देणार.

दैवशाला हसनाबादहून एसटीने येते. उंच, खणखणीत आवाज, जिभेला हाड नाही. म्हणाली, मॅडम, हे तुम्ही परवा बी शिकवलं, काल बी शिकवलं, आज परत तेच शिकवून राह्यल्या. मी म्हणाले, उद्याही शिकवीन. गजालाने तिला कोपराने ढोसले.

गजाला माझी जुनी विद्यार्थिनी. सगळ्यांत हुशार, पण उंची अर्धा इंच कमी भरली. दोनदा परत आली. आता मला मदत करते. अलीकडे मी शिकवत असताना फार जवळ उभी राहते. सांगितले पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

रिक्षात बसले आणि एअरपोर्ट म्हणाले. गंमत म्हणून. रिक्षावाला वळून बघतच राहिला. म्हणाला, मॅडम, आपल्या जालन्यात कुठला एअरपोर्ट? मी म्हणाले, जल्दी चला, माझी ड्युटी चुकेल. त्याने मला शेठच्या दुकानासमोर आणून सोडले. विनोद न कळणारा माणूस.

तो गजालाचा बाप निघाला, अबुबकर. आपण आधी बरेचदा भेटलो म्हणतो. सगळेच रिक्षावाले पाठमोरे बसतात. चेहरा लक्षात कसा राहणार?

१० फेब्रुवारी, सोमवार

अबुबकर पावणेदहाला दारात हजर. म्हणाला, आजपासून मीच नेणार आणि मीच आणणार. धंदा मंदा दिसतो. बिचाऱ्याला नाही म्हणवले नाही.

गजालाने माडीवर जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. कपाट, जिना, पाणी, संडास. नव्या मुलींना सोपे जावे म्हणून, असे ती म्हणाली. कल्पना चांगली. अक्षर सुधारायला हवे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धडा: टोचणाऱ्या वस्तू. चष्मा, पेन, साडीच्या पिना, टाचांच्या चपला, दातांची कवळी, सगळे काढून घ्यायचे. दैवशाला म्हणाली, आमच्याकडच्या बाया मंगळसूत्र न्हाई काढणार, विमान खाली पडून राह्यलं तरी. प्रश्न रास्त होता. काढायला सांगायचे नाही. ब्लाउजच्या आत टाका म्हणायचे. वेळ नसताना श्रद्धेशी वाद घालू नये.

कल्याणचा फोन. जेवलीस का? जेवले म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज तेरा आहे आणि गुरुवार आहे, असे गजाला म्हणते. शेठच्या दुकानातही तेराच दिसते. रोज पान फाडायचे कॅलेंडर आहे. कोणीतरी एक पान जास्त फाडले असणार.

धडा: टोचणाऱ्या वस्तू. दैवशाला खिडकीबाहेर बघत होती. लक्ष नाही पोरीचे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मुलींनी जुनी हकिकत विचारली. सांगितली.

सप्टेंबर १९८३. पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याचा दिवा लागेना. शहाण्णव प्रवासी. बावीस मिनिटे. आम्ही केबिनचे सगळे दिवे लावले. ट्रे गोळा केले, सैल सामान कपाटात कोंबले. लोकांना पट्टे ओटीपोटावर घट्ट बांधायला लावले. प्रत्येकाला आपले दार बोटाने दाखवायला सांगितले. दारांजवळ धट्टेकट्टे पुरुष आणून बसवले. एकट्या म्हाताऱ्या माणसांना एकेक तरुण नेमून दिला. हे तुमचे, यांना सोडून उतरायचे नाही. मग सगळ्यांना वाकायचे कसे ते शिकवले. डोके गुडघ्यांवर, हात डोक्यावर. दिवे मंद केले आणि माझ्या खुर्चीवर येऊन मूक उजळणी केली. म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळे मनात म्हणायचे. माझे दार कोणते, दांडा कुठल्या बाजूला फिरतो, काय ओरडायचे, आधी कोण. तेवढ्यात कॅप्टनचा शब्द आला, आम्ही सगळे वाकलो, चाक टिकले. लोक जिन्याने उतरून गेले. एकाने त्याचे पेन परत मागितले.

अकरा नंबरच्या ओळीतल्या बाईच्या साडीचा काठसुद्धा मला आठवतो. डॉक्टरांना त्यांचे पाच शब्द हवे होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रंगीत तालीम. बद्रीनारायण शेठ स्वतः प्रवासी झाले, दुकानातले दोन नोकरही बसवले. कवळी काढा म्हटल्यावर शेठ म्हणाले, मॅडमजी, दात तुमच्याकडे ठेवले तर उतरल्यावर आम्ही खायचं कशानं? गजाला म्हणाली, पहले उतरा तर सही शेठजी. सगळे हसले. मी हसले नाही. तयारी करताना हसू नये.

अठरा मिनिटे लागली. शेवटी वाकण्याचा शब्द गजालाने दिला. मी तिची परीक्षा घेत होते.

कल्याण म्हणतो, मी त्याला आज चार वेळा फोन केला. मला दोन आठवतात. दोन्ही वेळा त्याने उचलायला वेळ लावला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या.

गजालाने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. वर लिहिले होते: दिवे मंद झाले की दहा आकडे मोजा, मग मॅडमने ओरडायचे, ब्रेस. मी म्हणाले, हे काय आहे? ती म्हणाली, असू द्या मॅडम, हातात असलं तर काय बिघडतं. ज्या बाईने शहाण्णव माणसांची केबिन तयार केली तिला चिठ्ठी. मी ती सगळ्या मुलींसमोर फाडली. गजालाने तुकडे वेचले. मग म्हणाली, बराबर आहे मॅडम, तुम्हाला नको.

दैवशालाला रडू आले. तिला का, कळले नाही.

निश्चय: उद्या कोणाचीही मदत न घेणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ४

उत्तम झाले. तपशील उद्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल उत्तम झाले असे लिहिले आहे. त्यात थोडी भर.

मंगल कार्यालयाचा हॉल. चाळीस खुर्च्या, मध्ये वाट. पुढे मुंबईची दोन माणसे, एक बाई, एक पुरुष. तिसऱ्या ओळीत कल्याण. मुलींनी सुरेख काम केले. एका माणसाने चपला काढायला नकार दिला, दैवशालाने त्याला तीन शब्दांत गार केले. शेठची कवळी रुमालात बांधून पिशवीत गेली. मुंबईची बाई काहीतरी लिहून घेत होती आणि मान हलवत होती. मुलींनी सगळ्यांना आधीच डोके गुडघ्यांवर टेकवून ठेवले, शब्द आल्यावर फक्त हात डोक्यावर घट्ट धरायचे होते. दिवे मंद झाले. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि मूक उजळणी सुरू केली.

उजळणी थोडी लांबली.

घड्याळ दैवशालाकडे होते. ती सात मिनिटे म्हणते. सात मिनिटे चाळीस माणसे गुडघ्यांत डोके घालून बसली. कोणी उठले नाही. मुलींनी त्यांना सांगितले होते की शब्द आल्याशिवाय हलायचे नाही, म्हणजे शिस्त उत्तम होती. सातव्या मिनिटाला गजालाने शब्द दिला. मग विमान थांबल्याचे सांगितले, दारे उघडली आणि सगळ्यांना बाहेर नेले. मला हाताला धरून नेले. माझी परवानगी घेतली नाही.

शेठची पाठ धरली. बाहेर ओसरीवर ते दातांशिवाय मला काहीतरी म्हणाले. बहुधा चांगलेच म्हणाले असतील, कारण त्यांनी हात जोडले. कल्याण उशिरा बाहेर आला. त्याच्या कपाळावर गुडघ्याचा वळ होता.

मी त्याला म्हणाले, सात मिनिटे जास्त नाहीत. तो म्हणाला, नाही आई.

संध्याकाळी ६

ही रोजनिशी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मी उजळणी करत नव्हते. मी कॅप्टनच्या शब्दाची वाट बघत होते. केबिनमधल्या बाईने शब्द द्यायचा नसतो. तो पुढून येतो. माझे काम झाले होते, सगळे वाकलेले होते, दार माझ्या डाव्या हाताला होते. आवाज आता येईल असे मला अगदी स्पष्ट वाटत होते. अजूनही मी चुकले असे वाटत नाही. फक्त पुढे कोणी नव्हते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निकाल. दैवशालाची निवड झाली, आणि आणखी एकीची. हसनाबादहून तिचा बाप पेढे घेऊन आला. मला म्हणाला, मॅडम, पोरगी आता आभाळात जाऊन राह्यली, आम्ही खालून बघू. त्याने मला दोनदा नमस्कार केला. मी त्याला नाव विचारले. काकासाहेब म्हणाला. मघाशी विचारलं होतं तुम्ही, असेही म्हणाला, पण हळू.

मुंबईच्या बाईने गजालाला बाजूला घेतले होते. उंची बसत नाही, पण जिथे शिकवते तिथेच शिकवत राहा म्हणाली. तशी मुलगी मिळत नाही म्हणाली. हे गजालाने मला सांगितले नाही. दैवशालाने सांगितले.

म्हणजे क्लास चालतो. कल्याणला फोन केला की क्लास चालतो. तो शेजारच्या खोलीत होता. शनिवारपासून इथेच आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फळ्यामागे २२ तारखेचा बैठकीचा नकाशा सापडला. गजालाचे अक्षर. प्रत्येक खुर्चीवर नाव. एकट्या, वयस्क प्रवाशांपुढे त्यांना बाहेर काढणाऱ्या मुलीचे नाव. शेठ, रुचि. शेठची बहीण लाडबाई, दैवशाला. आणि पुढच्या दाराजवळ, क्रूच्या खुर्चीवर: मॅडम, गजाला.

क्रूचे नाव मदत लागणाऱ्यांच्या यादीत घातले. मी तिला बोलावून विचारले, हे कधी केले? म्हणाली, आठ तारखेलाच, अब्बांनी रिक्षाचं सांगितलं त्या दिवशी. म्हणजे मी सगळ्यांसमोर तिची चिठ्ठी फाडली तेव्हा हा नकाशा तयार होता.

मी म्हणाले, मला सांगायचे होतेस. ती म्हणाली, मॅडम, तुम्हीच शिकवलं ना, ज्याला सांभाळायचं त्याला आधी घाबरवायचं न्हाई.

माझे शिकवलेले अंगावर येते, असे पहिल्यांदा पाहिले. धडा तिला पक्का आला आहे. गुण द्यायला हवे होते. मी फळा पुसायला सांगितला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कल्याणने सामान बांधले. मी विरोध केला नाही. विरोध करायचा निश्चय होता. सकाळी मी त्याला कपाटापाशी उभी राहिलेली दिसले म्हणतो, निळी साडी नेसून, पदराला पिन लावून, पिशवी घेऊन. पहाटे पाचला. गाडी अजून आली नाही, असे मी म्हणाले म्हणे. चाळीस वर्षांपूर्वी कंपनीची गाडी पाचला येत असे. हे मला पूर्ण आठवते. आज सकाळचे आठवत नाही.

पुणे थोड्याच दिवसांसाठी आहे. असे मी कल्याणला सांगितले. तो हो म्हणाला. खोटे बोलताना तो लहानपणापासून डावीकडे बघतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ११, माडीवर

एका क्रूने दुसऱ्या क्रूला विमान सोपवताना सामान समोरासमोर मोजायचे. एकीने वस्तूचे नाव घ्यायचे, दुसरीने हात लावून हो म्हणायचे, मग सही. तसे केले. बाकीच्या मुलींना जिन्यात थांबायला सांगितले.

गजालाच्या ताब्यात दिले: खोलीच्या किल्ल्या, दोन. शिकवायचे पट्टे, सहाचा एक संच. पिवळी जाकिटे, चारांचा एक संच, त्यांतले एक फाटके. हजेरीपट, चालू, मुली नऊ. माझी हस्तलिखित वही, १९८० ची. टॉर्च, एक.

टॉर्च सापडला नाही. मी तो काल माझ्या हाताने काढून ठेवला होता. दोन्ही कपाटे पाहिली, जाकिटांच्या घड्या उलगडल्या, पाण्याच्या माठामागे पाहिले. खालून अबुबकरने हाक मारली की कल्याणभाऊ गाडीत बसलेत. मी परत पहिले कपाट उघडले. गजाला म्हणाली, मॅडम, मिळाला, आहे माझ्याजवळ. आणि सही केली. तिच्या एका हातात पेन होते, दुसरा रिकामा होता.

न पाहिलेल्या वस्तूची पोच देऊ नये. हे मी तिला पहिल्या आठवड्यात शिकवले आहे. शेरा लिहिला नाही.

यादीत वस्तू सहा. दिल्या पाच. पोच सहाची.