ट्रकच्या रांगेत मामांची गाडी

प्रिय मामा आणि मामी,

उभ्या जागेवरूनच वाकून नमस्कार. आधीच सांगते, शुद्धलेखन बघू नका. शाळा सोडून दोन वर्षं झाली आणि वेलांट्या तिथेच राहिल्या. शिवाय हे फोनवर एका अंगठ्याने टाइप करतेय, आणि दर दोन ओळींनी हात पुसावा लागतो, नाहीतर डिझेलच्या बोटाने भलतीच अक्षरं उमटतात. एवढं लिहीपर्यंत जेवणाची अर्धी सुट्टी गेली. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामी, तुम्हाला झोप नीट लागते ना? (लागते, हे मी मंगळवारी बघितलंय. ते पुढे येईलच.) आम्ही सगळे ठीक. फक्त तुम्ही मंगळवारपासून आमचा फोन उचलत नाही, म्हणून आई घरात भांडी फार जोरात ठेवते.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. ही नोकरी तुम्हीच मालकांना सांगून मिळवून दिलीत, आणि मी त्याच पंपावर सगळ्यांदेखत तुम्हाला गाडी काढायला लावली. पण मामा, माझीही पंचाईत झालीय. शनिवारी माझे शिकाऊपणाचे तीन महिने भरतात. मला ठेवायचं की घरी पाठवायचं हे मालक त्या दिवशी ठरवणार, आणि त्यांचा एकच प्रश्न आहे, की मी लाल बटण का दाबलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं माहितीय? काहीच नाही. चार माणसं बघत असली की माझा आवाज घशातून खाली उतरून बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बसमध्ये 'थांबवा' म्हणायला लाजून मी दोन स्टॉप पुढे उतरते आणि चालत मागे येते. म्हणून लिहितेय. लिहिताना कोणी बघत नाही.

आता आमच्याकडे ट्रकचा पंप वेगळा का असतो ते ऐका. त्याचं नोझल मनगटाएवढं जाड, आणि डिझेल येतं ते बादली उपडी केल्यासारखं. ट्रकची टाकी म्हणजे हौदच, तिला तेच लागतं. कारच्या भोकात ते नोझल जातच नाही, आणि नुसतं टेकवून दाबलं तर डिझेल उलटं अंगावर येतं. पण कारची रांग असते वीस गाड्यांची आणि ट्रकची चारची. कारवाले डोकी मोजतात, टाक्या मोजत नाहीत. मग येतात दोन ट्रकच्या मधे घुसून, काच खाली करून म्हणतात, 'जरा पटकन!' मला तर त्यांचं कौतुकच वाटतं. इकडे आड तिकडे ट्रक अशा जागी जाऊन इतकं बिनधास्त 'जरा पटकन' म्हणायला काय छाती लागत असेल! एक जण पांढऱ्या पँटमध्ये आले होते. ऐकेचनात. स्वतःच नोझल धरलं, दाबलं, आणि छातीपासून बुटापर्यंत न्हाले. तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. 'अंदाज आला,' म्हणाले, आणि शांतपणे कारच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी असते तर रडले असते.

पण खरं कौतुक ब्रेककाकूंचं. त्या ट्रकच्या पंपावर वीस वर्षं आहेत आणि मला शिकवतात. उंची माझ्या खांद्याएवढी, पण नुसता तळहात दाखवला की सोळा चाकं जागच्या जागी थांबतात, म्हणून ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव. टाकी किती भरली हे त्या नुसत्या आवाजावरून ओळखतात, पाठ करून उभ्या असल्या तरी. आणि कारवाल्यांना त्या कधीही नाही म्हणत नाहीत. मध्यंतरी एक बाई आल्या, म्हणाल्या, 'मी डॉक्टर आहे, घाई आहे.' काकू म्हणाल्या, 'मग तुम्हाला तर कळेलच हो, म्हशीची सुई माणसाला टोचत नाहीत.' बाई हसत हसत गेल्या. बाकीच्यांच्या हातात काकू सरळ नोझल देतात. 'घ्या, तुम्हीच बसवा.' माणूस ते जड धूड उचलतो, भोकाला लावून बघतो, इकडून बघतो, तिकडून बघतो, आणि आपणहून जातो. नाही म्हणायचं काम नोझलवर सोपवायचं! मामा, माझ्यासारखीसाठी याहून चांगली नोकरी जगात नसेल.

मंगळवारी अकरा वाजता काकू पावतीच्या मशीनचा कागद आणायला ऑफिसात गेल्या आणि मी एकटी होते, तेवढ्यात तुम्ही आलात. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे तुमची छोटी गाडी, पुढच्या सीटवर मामी डोळे मिटून. मी काही न बोलता तुमच्या हातात नोझल दिलं. दुसरा कोणी असता तर दोन मिनिटांत गेला असता. तुम्ही कसले जाताय! तुम्ही पाण्याची बाटली गटागटा संपवलीत, किल्ल्यांच्या जुडग्यातल्या चाकूने तिचं बूड कापलं आणि मिनिटाभरात नरसाळं तयार केलंत. ते बघायला तीन ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरले. एकाने विचारलं, 'काका, इंजिनियर का?' तुम्ही म्हणालात, 'नाही, पोस्टातून रिटायर.' दुसरा म्हणाला, 'मग पार्सल नीट पोचवा बरं!' सगळे हसले, तुम्हीपण हसलात. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. हे माझे मामा, असं ओरडून सांगावंसं वाटलं. (सांगितलं नाही. कारण वर लिहिलंय.)

आणि तेव्हाच पुढचा ट्रक मागे यायला लागला. त्याच्या दुसऱ्या टाकीपर्यंत पाइप पोचत नव्हता, म्हणून ड्रायव्हर गाडी जरा मागे घेत होता. एवढ्या उंचावरून त्याला मागे चिकटलेली छोटी गाडी दिसतच नाही, ना खिडकीतून ना आरशातून. बघणारे सगळे तुमच्या नरसाळ्याकडे बघत होते आणि तुम्हीही. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. पुन्हा उघडलं, नाही. मामींचे डोळे मिटलेले. म्हणून मी खांबावरचं लाल बटण दाबलं. ते दाबलं की घंटा होते, सगळ्या मशिनी बंद पडतात, आणि घंटा झाली की प्रत्येकाने जागेवर इंजिन बंद करायचं हा इथला नियम. ट्रक थांबला. सगळा पंप चिडीचूप झाला, आणि त्या शांततेत कोणीतरी म्हणालं, 'मामा, गाडी काढा.' तो आवाज माझा होता हे मला थोड्या वेळाने कळलं.

तुम्ही म्हणालात, 'अगं, मी मामा आहे तुझा!'

मी म्हणाले, 'म्हणूनच.'

मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या (त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत), तुम्ही नरसाळं फेकलंत, मागचा ट्रक हटवून घेतलात, आणि मामींनी जाग येऊन विचारलं, 'झालं का भरून?' पुढचं तुम्ही बघितलं नाहीत. मशिनी पुन्हा चालू करायची किल्ली मालकांकडे असते आणि मालक होते सलूनमध्ये. ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आले. दोन्ही रांगा अर्धा तास ठप्प. ब्रेककाकू मात्र मला एवढंच म्हणाल्या, 'दाबलंस ना? मग कारण असणार.' त्यावर मला चहा दिला. त्यांनी वीस वर्षांत कुणाला चहा दिल्याचं कोणाला आठवत नाही.

सुट्टी संपली. गुडघ्याला जपा.

तुमची भाची

ता. क. घरी आल्यावर आईने वाचलं. म्हणते, एवढं लिहिलंस, यात माफी कुठंय? मी शोधली, सापडली नाही. म्हणून इथे लिहिते: मामा, माफ करा. पण पुन्हा त्या रांगेत आलात तर पुन्हा दाबीन.

ता. क. २ खरं काम हे आहे. गाडी शनिवारपर्यंत धुऊ नका. तुम्ही रोज सकाळी फडकं घेऊन उभे असता ते माहितीय, पण आत्ता आहे तशी राहू द्या. बॉनेटवर पुढच्या बाजूला बघा, त्या ट्रकच्या मागच्या रबरी पट्ट्याचा काळा ओरखडा असेल, हाताएवढा; ट्रक थांबला तो तिथे टेकूनच, आणि नुसत्या फडक्याने रबर निघत नाही. पंपावरचा कॅमेरा कारच्या रांगेकडे तोंड करून आहे आणि तो ट्रक कुठल्या कुठे गेला. मालकांना दाखवायला माझ्याकडे तुमच्या बॉनेटशिवाय काही नाही. शनिवारी दहा वाजता या. बोलायचं तुम्ही, मी शेजारी उभी राहीन. (कारच्या रांगेतून या.)

ता. क. ३ ताईला काल सकाळी मुलगी झाली. दोघी छान आहेत.