आईला बहीण नाही

प्रिय मावशी,

तुझं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही, पोटातल्या बाळाला बाधेल, असं आईनं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. म्हणून चोरून लिहितेय.

काल डॉक्टरीणबाईंनी कागदावर आपल्या घराण्याचा नकाशा काढला. बायकांची वर्तुळं, पुरुषांचे चौकोन. म्हणाल्या, "रक्तात गुठळ्या होण्याचा दोष पिढीजात असू शकतो. आईच्या माहेरी कुणाची बाळं पोटातच गेली होती का? तसं असेल तर आजच इंजेक्शनं सुरू करू."

"छे हो! मी एकुलती एक," आई हसून म्हणाली, आणि टेबलाखाली तिनं माझा हात घट्ट दाबला.

मला तू आठवलीस. दर वेळी सातव्या महिन्यात सुजलेले तुझे पाय आणि मग दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतणं. एवढी शिकलेली मी, पण खरंच बाधलं तर, म्हणून मीही गप्प बसले.

तुझा पत्ता फक्त आईकडे आहे. ती शेजारच्या खोलीत गुणगुणत बाळाचं टोपरं विणतेय.

मावशी, तुला सूज आधी कुठे आली होती गं? आज सकाळपासून माझी अंगठी निघत नाहीये.

तुझ्याच वळणावर गेलेली,
तुझी भाची