मालकाचा रकाना

सोमवार, १ डिसेंबर १९९७
आज कोंडवाड्यावर रुजू झालो. जन्म-मृत्यू नोंदणीत अकरा वर्षं काढल्यावर इथली बदली म्हणजे शिक्षाच, असं प्रत्येकाने मला समजावून पाहिलं. निरोपाच्या चहाला थट्टाही झाली, की नावच गोरक्ष पगार, मग गुरं राखायला दुसरं कोण जाणार! हसू देत बिचाऱ्यांना. मला आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे आणि मागे बोअरचं पाणी. लग्नाला सहा वर्षं झाली, शुभांगी नांदगावला शाळेवर, मी इथे एका भाड्याच्या खोलीत. आता घर आहे म्हणून तिला बदलीचा अर्ज करता येईल. त्या एका गोष्टीसाठी मी हत्तीसुद्धा सांभाळले असते.

बुधवार, ३ डिसेंबर
काम समजून घेतलं. मोकाट गुरं, हरवलेल्या शेळ्या, भटकी कुत्री. रविवारी वस्त्यांमधून रेबीजची लस टोचायची, अधूनमधून शाळांत जाऊन कुत्रं चावलं तर काय करावं ते सांगायचं. देवळाली कॅम्पातल्या जवानांच्या बदल्या झाल्या की मागे राहिलेली कुत्रीही इथेच येतात. त्यांच्या गळ्यात पट्टे असतात आणि ती दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसतात. सात दिवसांत कोणी न्यायला आलं नाही तर आठव्या दिवशी डॉक्टर सुई देतात. इथला सगळा भार झुंबर नावाच्या म्हाताऱ्या शिपायावर आहे. मागच्या खड्ड्यात पुरण्याचं कामही तोच करतो.

आवक वही मात्र बघवेना. जात, रंग, कुठे सापडलं, सगळं नीट, आणि शेवटचा ‘मालकाचे नाव’ हा रकाना पानंच्या पानं कोरा! मी आयुष्यात रकाना कोरा सोडलेला नाही. ‘अज्ञात’ लिहिणं हा आळशी कारकुनाचा धंदा. आमचे जुने साहेब म्हणत, जनावर ज्याच्या ताब्यात तोच तूर्त मालक. त्या हिशेबाने काल आलेल्या तीन आणि आज आलेल्या दोन कुत्र्यांपुढे मी झोकात माझं नाव लिहिलं. त्यांत लष्करी पट्ट्याचा एक तांबडा आहे आणि फाटक्या कानाची एक काळी कुत्री. झुंबर पाहत होता. तो रकाना मोकळाच ठेवायचा असतो, असं तो म्हणाला. “कुनाचं नाय तेच बरं आस्तं, सायेब.” म्हाताऱ्यांना नव्या माणसाला शिकवायची फार हौस.

सोमवार, ८ डिसेंबर
शुभांगीचं पत्र आलं. वीस तारखेला शनिवारी सुट्टी काढून घर बघायला येते म्हणते. पडद्यांसाठी खिडक्यांची मापं मागितली आहेत. मी दारांचीसुद्धा मापं घेऊन ठेवली. पाचांपैकी एकाही कुत्र्याला न्यायला कोणी आलं नाही.

बुधवार, १० डिसेंबर
पहिली तीन गेली. वहीत माझं नाव असलं तरी फरक पडत नाही, प्रत्यक्ष घरी न्यावं लागतं, आणि क्वार्टरात जनावर ठेवायला मनाई आहे. डॉक्टर शांतपणे काम करतात. मला काही वाटलं नाही. अकरा वर्षं मृत्यूच्या नोंदी केलेल्या माणसाला काय वाटणार? दुपारी जेवताना वरण बोटांवर सांडलं. वाफाळतं होतं. भाजलं, पण कळलं नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर
उरलेली दोन्ही सकाळीच गेली.

शुक्रवार, १२ डिसेंबर
सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर पाच कुत्री बसलेली. शहाण्यासारखी, ओळीने, माझ्याकडे तोंड करून. तांबड्याच्या गळ्यात तोच लष्करी पट्टा. काळ्या कुत्रीचा फाटका कान. थंडी इतकी की माझ्या तोंडातून वाफ येत होती. त्यांच्या येत नव्हती.

मी दार लावलं, चहा केला, पुन्हा उघडलं. होतीच. मग त्यांच्यामधून वाट काढून कचेरीत गेलो. ती उठली आणि मागोमाग आली. घाबरायला हवं होतं हे मला कळत होतं.

शनिवार, १३ डिसेंबर
झुंबरला खड्ड्याबद्दल विचारलं. त्याने पाचही स्वतःच्या हाताने पुरली, वर मीठ टाकलं. मग दारातल्यांबद्दल विचारलं. त्यालाही दिसतात. तो त्यांना वळसा घालून चालतो, मला वाटलं होतं सवयीने. बेवारस जनावर गेलं की गेलं, असं त्याने सांगितलं. मालकाचं मात्र वाट बघत बसतं आणि मालकाला घेऊनच जातं.

सोमवार, १५ डिसेंबर
पायांना फरशी लागत नाही. हात कोपरापर्यंत बधिर. दवाखान्यात टाचणी टोचून पाहिली, रक्त आलं, दुखलं नाही. साखरेची तपासणी सांगितली. कुत्री बाकाशेजारी बसली होती. कोणी हाकललं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर
आज झुंबरने त्याच्या भावाचं सांगितलं. बहिरू. तोही इथेच कामाला होता. मरायला टेकलेल्या एका वासराला त्याने सगळ्यांसमोर माझं म्हटलं होतं. वासरू गेलं. नंतर चुलीत हात गेला तरी बहिरूला समजेना. बधिरपणा छातीपर्यंत चढला आणि बाराव्या दिवशी तो बसल्या जागी गेला. त्याचं तर एकच वासरू होतं.

माझे गुडघे गेलेत. जेवणाला चव नाही. शुभांगीचा चेहरा आठवतो, पण आठवून काही होत नाही. हे लिहितानाही काही होत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर
उपाय सापडला. मी कारकून आहे, नोंद दुरुस्त करता येते. एकदा मालक लिहिल्यावर ‘अज्ञात’ करता येत नाही, ते खोटं ठरेल. पण नाव बदलता येतं. झुंबरचं लिहायचं मनात आलं, पण तसं करवेना. मग सुचलं. रेशन कार्डावर असतं तसं, ‘पगार कुटुंब’. म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही. पाचही ठिकाणी खोडून तसं लिहिलं, बाजूला सही केली. कुत्री वहीकडे बघत होती.

शुक्रवार, १९ डिसेंबर
सकाळी गरम पाणी अंगावर घेतलं आणि ओरडलो. भाजलं! किती बरं वाटलं. चहाला आल्याची चव आली. कुत्री दारातून उठून फाटकाशी जाऊन बसलीत, रस्त्याकडे तोंड करून.

दुपारी झुंबर वहीवरची धूळ झटकत होता. माझी दुरुस्ती त्याने बोट ठेवून वाचली. मग अगदी साधेपणाने विचारलं, “कुटुंबाच्या नावावर केली व्हय? मंग बाईसायेब कवा येनार?”

कुटुंब. म्हातारे बायकोला कुटुंब म्हणतात. माझे वडीलसुद्धा आईला—

मी म्हटलं तसं नाही, कुटुंब म्हणजे घरातले सगळे. त्याने विचारलं, घरात आणखी कोन हाय? कोणी नाही.

शाळेत फोन लावला. आज केंद्राची बैठक, बाई गेल्या. निरोप ठेवला, येऊ नकोस. निरोप घेणाऱ्याला नाव नीट ऐकू आलं नाही.

खोडायला हवं. परत माझं नाव लिहायला हवं. पेन हातात घेतलं, त्याचा गारवा बोटांना लागला. आठ दिवसांनी लागला. उद्या सकाळी लिहीन. नक्की. ती दुपारशिवाय येत नाही.

शनिवार, २० डिसेंबर
उशिरा जाग आली. इतकी गाढ झोप—

वही समोर आहे. पाच ठिकाणी खोडायचं, पाच सह्या. दोन मिनिटांचं काम. आधी चहा घेतला.

साडेदहा. फाटकाशी रिक्षा. आधीच्या गाडीने आली असेल. हातात पडद्यांची पिशवी. खिडकीतून दिसतंय. कुत्री उठली. शेपट्या हलवतायत, माझ्यापुढे कधी हलवल्या नाहीत. ती हसली. खाली वाकून तांबड्याच्या डोक्यावरून हात—

झुंबरला सांगतेय, की केवढी थंडी तुमच्याकडे, बोटांना काही लागतच नाही.

उठायला हवं. पेन हातात आहे. चहा गरम आहे, जीभ पोळतेय, आलं लागतंय. एवढा घोट झाला की खोडतो. खोडून लिहितो, गोरक्ष प—

ती बोटं चोळतेय. इकडे बघून हात हलवला. मीही हलवला. एवढा एक घोट आणि मी