भावोजींच्या गाडीचं वायरिंग

९ नोव्हेंबर, रविवार
दुकानातून, दुपारी

ताई,

तुला नमस्कार, लेकीला आशीर्वाद, आणि जे अजून यायचंय त्याला माझा निरोप सांग की बाहेर कोणाला घाई नाही, सावकाश ये.

इकडे सगळं ठीक. भावोजी ठीक आहेत. दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवतात. काल भाजीत मीठ कमी म्हणाले, तीच भाजी आज वाढली तर म्हणाले जास्त आहे, म्हणजे तब्येत उत्तम. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. एक झाड मेलं, ते आधीच मेलेलं होतं, माझ्यावर ढकलू नकोस.

फोन का करत नाही म्हणून रागावली असशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं एक वाक्य झालं की तू रडतेस, तू रडलीस की तिकडे पोरगी घाबरते, आणि तिचे दिवस भरत आलेत. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून पिशवी भरायला लागू नकोस. अक्षर वाकडं आलंय कारण कागद सारखा सरकतोय. तसं ते शाळेतही वाकडंच होतं आणि तेव्हा कागद सरकत नव्हता.

मोटरसायकलचं वायरिंग झालं. तू सांगितलंस तसंच झालं. गाडीला कुलूप लागलेलं आहे. हे आधी लिहून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता पुढचं वाच.

लेकीकडे निघताना तू दारात माझा हात धरलास आणि एका दमात सगळं बोललीस. की यांचं मध्येच भान जातं, डोळे उघडे असतात पण माणूस आत नसतो, परत आले की काही झालंच नाही असं बोलतात, डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात, आणि किल्ली लपवली तरी दोन वायरी जोडून गाडी चालू करतात. मी म्हटलं, मग गाडीच मोडून टाकू का. तू म्हणालीस, नको गं, त्यांनी ती हाताने बांधलीय, जीव जाईल त्यांचा. मग तुझं तूच ठरवलंस की मी नवीन वायरिंग करायचं, ते मोबाइलच्या कुलपाचं, आणि त्यांना सांगायचं की सुधारणा करतोय.

मी हो म्हटलं, कारण तुझी बस सुटत होती. विश्वास ठेवला नव्हता. तुला साधी सर्दी झाली तरी तू दागिने कोणाला द्यायचे ते सांगायला लागतेस. मला वाटलं नवरा नीट उत्तर देत नाही, त्याला ही भान जाणं म्हणतेय. तसं असेल तर माझ्या नवऱ्याचं भान लग्नाच्या दिवसापासून गेलेलं आहे.

भावोजी रोज सकाळी माझ्या वायरिंगच्या दुकानात यायला लागले. गाडी तुला माहीतच आहे. टाकी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, पुढचे लांब दांडे त्यांनी स्वतः लेथवर काढलेले, सीटला तुझ्या जुन्या सोफ्याचं रेक्झिन. पण आतलं वायरिंग तू बघितलेलं नाहीस. टेपवर टेप, त्यावर आणखी टेप. जिथे बिघडलं तिथे नवी वायर ओढलेली, जुनी तशीच आत कुजत पडलेली. पिवळी वायर टाकीखाली शिरते आणि लाल होऊन बाहेर येते. मी विचारलं, हे वायरिंग केलंय का कोणावरचा राग काढलाय. ते म्हणाले, तोफ, तुला कळायचं नाही, ही बोटांनी ओळखायची गाडी आहे. मला अजून तोफच म्हणतात, तुझ्या लग्नात म्हणाले होते तसं.

सगळं उपटून काढलं मी. आता सीटखाली साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा आहे. पूर्वी हॉर्नचा, दिव्याचा सगळा करंट हँडलपर्यंत जाऊन परत यायचा. आता बटण नुसतं डब्याला कळवतं, आणि पुढे करंट द्यायचा की नाही ते डबा बघतो. फ्यूज नाही, रिले नाही. कुठे वायर घासली तर डबा तेवढीच लाइन तोडतो. इग्निशनही नवीन घातलं, त्यालाही करंट डब्यातूनच. डबा नाही म्हणाला की प्लगला ठिणगी नाही, मग कितीही किक मारा. आणि डबा ऐकतो मोबाइलचं. मोबाइलमध्ये नंबर घातला तरच उघडतो.

भावोजी समोर स्टूल घेऊन बसायचे. वायर धरायचे, मापाने कापून द्यायचे. सगळ्या वायरी एका जाडीच्या बघून त्यांना बरं वाटायचं. वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो हे दाखवलं तर म्हणाले, घरात एवढं एकच स्वतःहून गप्प बसणारं आलं.

इतक्या दिवसांत भान गेलं नाही. निदान मला दिसलं नाही. माझं डोकं मीटरमध्ये असायचं. एकदा त्यांच्या हातातून पक्कड पडली, मी खेकसले, त्यांनी उचलली. झालं. आता तो पक्कडीचा आवाज राहून राहून कानात येतो.

मध्ये एक स्कूटरवाला येऊन गेला. त्याला उद्या ये म्हटलं. आता लिहायचं ते लिहूनच टाकते, नाहीतर आणखी कोणी यायचं.

परवा गाडी रस्त्यावर चालवून बघायची होती. ती गाडी त्यांच्या मापाची, माझे पाय खाली टेकत नाहीत. म्हणून ते पुढे बसले आणि मी मागे. मोबाइल माझ्या खिशात होता, कुलूप माझ्या हातात होतं. नाही म्हणता आलं असतं. पण ती पहिल्याच बटणाला चालू झाली, आणि एकसारखा, कुठेही न अडखळणारा आवाज. माझ्या हातचं काम रस्त्यावर कसं पळतं ते मला बघायचं होतं. तुझं बोलणं तेव्हा आठवलं नाही असं लिहिणार होते. आठवलं होतं.

दुकानामागे गोदामांचा सरळ रस्ता आहे, तिथे घेतली. भावोजी मान वळवून वळवून ओरडत होते की दिवा आता फडफडत नाही, हॉर्न कसा खणखणीत वाजतो. मग म्हणाले, "आता बघ तोफ, चौथा गिअर..." आणि थांबले.

मला वाटलं वाऱ्यात ऐकू आलं नाही. मग त्यांची पाठ वेगळी लागली. कसं सांगू. माणूस ताठ बसलेला, पण आपण भरलेलं पोतं धरून बसलोय असं. हात सुटले असते तर बरं झालं असतं. सुटले नाहीत. ॲक्सिलरेटरची मूठ पिळलेली ती तशीच पिळलेली राहिली आणि गाडी पळत राहिली. पुढे एका गोदामाचं फाटक उघडलं आणि एक ट्रक मागे मागे रस्त्यात यायला लागला. मी भावोजी म्हणून ओरडले. मग नावाने ओरडले. मग जी शिवी तोंडात आली ती दिली. काही नाही. त्यांच्या काखेखालून हात घालून मी इंजिन बंद करायचं बटण चाचपलं. ते मीच बसवलेलं म्हणून बोटाला सापडलं. डब्याने तिथल्या तिथे सगळं तोडलं. गाडी गिअरमध्येच होती, मागचं चाक अडलं, वेग मोडला. मी सगळं अंग एका बाजूला टाकलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगात गेलो. ट्रकचं मागचं फळकूट इतकं जवळ होतं की त्याच्या बिजागरीच्या वंगणाचा वास आला.

रेतीत पडल्यापडल्या भावोजी म्हणाले, "...टाकतो."

वाक्य पुरं केलं गं त्यांनी.

मग माझ्यावर भडकले. चालत्या गाडीत हात घालतात का, अक्कल आहे का, मरायचंय का. मी नुसतं समोर बोट केलं. ट्रकवाला खाली उतरून आम्हा दोघांचा उद्धार करत होता. भावोजी त्याच्याकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत होते. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाले, "मी बघितलं तेव्हा फाटक बंद होतं. ते उघडायचं, ट्रक एवढा बाहेर यायचा. तेवढा वेळ मी कुठे होतो?"

मी सांगितलं असतं तर मानलं नसतं. तू सांगून मानलं नाहीच. लेथवर जन्म काढलेला माणूस, त्याने ते स्वतःच मापून घेतलं.

त्यांचा गुडघा सोलला आहे, बाकी काही नाही. माझं डावं मनगट मोडलं, प्लॅस्टर आहे, म्हणून कागद सरकतोय. झालं, कळलं तुला. आता पिशवी खाली ठेव आणि वाच.

गाडी त्यांनी ढकलत दुकानात आणली. मला पोटात काही ठेवता येत नाही, मी तिथेच सांगून टाकलं की हे वायरिंग नाही, कुलूप आहे, आणि ते ताईने लावायला सांगितलंय. वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. ते म्हणाले, ठाऊक आहे. सगळ्या संसारात तुझ्या बहिणीने मला जुनं टाका, नवीन घ्या असं एकदाही म्हटलं नाही, आणि एकदम मोबाइलचं वायरिंग घ्या म्हणाली, तेव्हाच समजलो.

मग त्यांनी टाकी उतरवली आणि सांगाड्याच्या नळीतून एक वायर बाहेर ओढायला लागले. ती मी घातलेली नव्हती. काम चालू असताना एकदा, मागच्या दिव्याची वायर मी ओढतो, असं ते म्हणाले होते, तेव्हाच तिच्याबरोबर ही सोडली होती. एक टोक बॅटरीपाशी, दुसरं इग्निशनपाशी, दोन्हीवर टेप, वेळ आली की जोडायची. म्हणजे डब्याला न विचारता गाडी चालू. माझ्या दुकानात, माझ्या नाकासमोर, माझ्याच पक्कडीने. तुझ्या कुलपाला त्यांनी आधीच मागचं दार करून ठेवलं होतं आणि रोज माझ्या हातचं जेवत होते.

म्हणाले, घरी नेऊन जोडणार होतो.

मला शिव्या द्यायच्या होत्या. पण तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ती वायर परवा जोडलेली असती, तर मी ते बटण दाबून काहीही झालं नसतं. डब्याने तोडलं असतं आणि वायरीने चालू ठेवलं असतं. ते वायर ओढत राहिले. मध्ये ती अडकली. मी मदत केली नाही. ती त्यांनीच काढायला हवी होती. काढली, गुंडाळी केली, आणि माझ्या टेबलावर ठेवली.

मी मोबाइल काढला. कुलपाचा नंबर ठरवून तो तुला कळवायचा असं आपलं ठरलं होतं. तर ते म्हणाले, "तिला देऊ नकोस. ती उघडून देईल."

मी म्हटलं, काहीतरीच काय, तिनेच तर लावायला सांगितलंय. तेव्हा त्यांनी किल्लीचं सांगितलं. तू किल्ली लपवलीस हे खरं. पण ते जेवणावरून उठायला लागले, तुझ्याशी बोलेनासे झाले, तर तूच ती आणून त्यांच्या उशाशी ठेवलीस. वायरी जोडायची त्यांना वेळच आली नाही.

ताई, हे तू मला सांगितलं नाहीस. दारात माझा हात धरून तू वायरींची गोष्ट सांगितलीस. मी ओरडणार नाही. मी कोणत्या तोंडाने ओरडू, मी तर मागच्या सीटवर बसले. तुला त्यांचा पडलेला चेहरा बघवला नाही, मला माझं काम बंद ठेववलं नाही. दोघींनी मिळून त्या माणसाला मारलं असतं.

उद्या ते डॉक्टरकडे येणार आहेत. स्वतः म्हणाले. मी बरोबर जाते, आणि डॉक्टरला काय झालं ते मीच सांगणार, कारण त्यांना ते माहीत नसतं. तू येऊ नकोस. पोरीजवळ राहा. डॉक्टर काय म्हणतात ते कळवते, तेही पत्रानेच.

गाडी माझ्याकडे दुकानात स्टँडवर आहे. काल भावोजी आले, फडक्याने टाकी पुसली, म्हणाले नुसती चालू कर, आवाज ऐकतो. मी नंबर घातला, चालू केली. ते हात पाठीमागे धरून उभे राहिले, गाडीला हात लावला नाही. बंद कर म्हणतील म्हणून मी वाट बघितली. म्हणाले नाहीत. मग मीच बंद केली, आणि आत जाऊन उगीच पाण्याची बाटली शोधत राहिले.

नंबर तुला मिळणार नाही. तू परत आलीस की ते तुझ्याकडे बघतील आणि तू माझ्याकडे. फोनवर मागू नकोस, रडून मागू नकोस, बाळ मांडीवर घेऊन तर अजिबात मागू नकोस. भावोजी म्हणाले, तोफ, तू कोणासाठी विरघळत नाहीस, म्हणून तुझ्याकडे ठेव. त्यांचा तो समज मी मोडलेला नाही. तूही मोडू नकोस. तेवढ्यावर ते जिवंत आहेत.

पोरीला जप.

तुझी,
दगड म्हणून नेमलेली
धाकटी