गप्प बसणाऱ्यांचा टायमर

९ नोव्हेंबर १९९८
पोचले एकदाची आदिलाबादला! माणिकरावांच्या जिनिंगमध्ये कापसाचे ढीग घराएवढे आणि नाकात सतत तंतू. चहा देणाऱ्या देवकाबाईंनी पहिल्याच दिवशी मला आशाबाई करून टाकलं. चोवीस वर्षांची मी! काम सोपं दिसतंय. ऑफिस आणि वजनकाट्याचं नेटवर्क जोडणारा एक कॉम्प्युटर आहे, ब्रिज. कोण कुठल्या बाजूला आहे हे तो लक्षात ठेवतो आणि बराच वेळ गप्प राहील त्याला विसरतो. त्या विसरण्याचा टायमरच बंद पडलाय. जुन्या मशीननी त्याच्या यादीत जागा अडवल्यामुळे नव्या काट्याची नोंद होत नाही आणि कापसाच्या बैलबंड्या खोळंबल्यात.

१० नोव्हेंबर
ब्रिजला काट्याचं जुनं मशीनसुद्धा अजून आठवतंय. ते गेल्या वर्षीच्या आगीत जळालं, ते चालवणारा खुशालही. देवकाबाईंचा एकुलता एक. त्या रोज दुपारी जळक्या खोलीच्या उंबऱ्यावर कप ठेवून हाक मारतात, "खुशाल, च्या झाला रे!" तेवढा वेळ सगळी जिनिंग गप्प असते. मला गलबलून आलं. टायमरची चूक मात्र किरकोळ निघाली. दुरुस्त केली, जुनं मशीन यादीतून गेलं, बंड्या हलल्या.

११ नोव्हेंबर
आज हाक नाही. कप नाही. देवकाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "कोन खुशाल वो?" मला वाटलं रागावल्यात. पण माणिकरावांनाही आग आठवते, माणूस आठवत नाही. आईकडून तिचं पोर मी काढून घेतलं का? भलतंच काहीतरी.

१२ नोव्हेंबर
जुना कोड परत चढवला. मग ब्रिजच बंद केला. तरी बाहेर, माणसांत, टायमर चालूच आहे. सकाळभर मान खाली घालून काम केलं, उठले तर माणिकरावांनी विचारलं, आपण कोण, कुणाकडे आलात? भडाभडा बोलत सुटले तेव्हा कुठे ओळखलं. गप्प बसायचं नाही.

१३ नोव्हेंबर
बोलतेय. बंडीवाल्यांशी, बैलांशी, कापसाशी — घसा सोलला. नागपूरला फोन लावला. आईने विचारलं, कोण बोलतंय? — पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच — देवकाबाईंना हात जोडले. रोज दुपारी मला हाक मारा, मी ओ देईन. हो म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर
आवाज गेला. फुंकर तेवढी निघते.

दुपार. देवकाबाई कप घेऊन दारात आल्या. हाक मारायला तोंड उघडलं — आणि तसंच राहिलं. खोलीभर बघितलं. माझ्याकडेही. कप घेऊन परत गेल्या.

फार भीती वाटतेय. लिहिणं बोलण्यात धरतात का? धरत असतील तर — मी नागपूरची. इथे टायमर दुरुस्त करायला आले. मला एक आई आहे. माझं नाव — देवकाबाई म्हणायच्या ते — माझं नाव